प्रकल्प नोंदी: नवशिक्यांचा गिटार वर्ग, दोन ठेके आणि उजवा हात (ऐरोली)

रविवार, ८ जून २०२५

काम असं: ३० ऑगस्टला सोसायटीच्या गणपतीत भजनी मंडळाची दोन गाणी होणार, त्यांना नवशिक्यांनी गिटारवर साथ द्यायची. हातात पावणेतीन महिने. म्हणून बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून वाजवायचे सूरसमूह), सोलो, सरगम वाजवणं हे सगळं बाद. पाच-सहा उघड्या कॉर्ड (काही तारा न दाबता वाजणाऱ्या) आणि दोन ठेके, आठ मात्रांचा केरवा नि सहा मात्रांचा दादरा, एवढंच. भर उजव्या हातावर. डाव्या हाताची कॉर्ड थोडी खरखरली तर मंडपात कुणाला कळत नाही. ठेका अडखळला तर टाळ्या वाजवणारी आजीसुद्धा मान वळवून बघते.

वर्ग क्लब हाऊसमध्ये, सकाळी नऊ ते साडेदहा. ठाण्याहून आणि घणसोलीहून येणारे आहेत; ट्रान्स हार्बर लोकलवर मेगाब्लॉक असला तरी तो लागायच्या आत परत जाता आलं पाहिजे.

आज फक्त गिटारी तपासल्या. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा तळ आणि फ्रेटचा माथा यांत किती अंतर आहे ते कंपासपेटीतल्या स्टीलच्या पट्टीने मोजलं. अडीच ते तीन मिलिमीटर असेल तर चालेल. चारच्या वर असेल तर बोटं दाबून दाबून दुखतात, माणूस आठवड्याभरात गिटार कपाटावर ठेवतो आणि दोष स्वतःला देतो. अशा दोन गिटारी निघाल्या. त्यांच्या ब्रिजवरची (पोटावर तारा अडकवतात त्या लाकडावरची) सॅडलची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात, तळातून घासून घ्यायची, वरून नाही. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर उतरवायचं तर सॅडल साधारण दोन मिलिमीटर घासावी लागते. घासायच्या आधी पेन्सिलने रेघ मारायची. जास्त घासलेली पट्टी परत वाढत नाही, नवी आणावी लागते.

एक गिटार नायलॉनच्या तारांची निघाली. तिला ‘आवाज मोठा येतो’ म्हणून स्टीलच्या तारा चढवायच्या नाहीत. स्टीलचा ताण जवळपास दुप्पट असतो, ब्रिज उखडू शकतो. ती तशीच ठेवून अंगठ्याने वाजवायची.

बाकीच्यांना नव्या तारा सांगितल्या, ०.०११ ते ०.०५२ इंचाचा सेट. लहान मुलांना ०.०१० पासूनचा. दहा वर्षांच्या आतल्या मुलाला ४१ इंची गिटार देऊ नये, उजवा खांदा कानापर्यंत चढतो आणि तिथेच मनगट अडकतं. ३६ इंची पुरते.

पिक (तारा छेडायची प्लास्टिकची चकती) सगळ्यांना सारखं, ०.६० मिलिमीटरचं. ०.४६ चं इतकं लवतं की ठोका उशिरा लागतो आणि प्लास्टिकचा फटफट आवाज येतो. १ मिलिमीटरचं नवशिक्याच्या हातात तारांना अडकतं. ०.६० थोडं लवतं, चूक पोटात घालतं. पुढे ज्याला हवं त्याने ०.७३ वर जावं.

एक मुलगी डावखुरी. तारा उलट्या लावून भागत नाही: नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात आणि सॅडल तिरकी बसवलेली असते, उलट्या लावल्या की वरच्या फ्रेटवर सूर हलतो. ठरलं ते असं की तिने सध्या सगळ्यांसारखीच धरायची. नवशिक्याला दोन्ही हात सारखेच परके असतात.

रविवार, १५ जून

खुर्च्या. क्लब हाऊसच्या हातवाल्या प्लास्टिकच्या खुर्च्या गिटारला चालत नाहीत, गिटारचा खालचा कोपरा खुर्चीच्या हातावर आपटतो आणि माणूस तिरका बसतो. मंडपाच्या सामानातल्या बिनहाताच्या लोखंडी खुर्च्या काढल्या.

सूर लावणं. क्लिपचा ट्यूनर हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाला. सहावीपासून पहिलीपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई. पाचवी तार ११० हर्ट्झ, पहिली जवळपास ३३० हर्ट्झ. नेहमीची गडबड: ट्यूनर नुसतं अक्षर दाखवतो, सप्तक दाखवत नाही. तार फार सैल असली की तो भलतंच अक्षर दाखवतो, माणूस कान बंद करून पिळत राहतो आणि पहिली तार तुटते. पिळताना दुसऱ्या हाताने तार वाजती ठेवायची आणि सूर चढतोय ना ते ऐकायचं. दुसरी गोष्ट, सूर नेहमी खालून वर आणून थांबवायचा. वर गेला तर पुरता सैल करून परत चढवायचा. वरून उतरवून थांबवला तर खुंटीच्या दात्यांत ढिलाई राहते आणि चार स्ट्रोकमध्ये तार उतरते.

पिक धरणं: तर्जनी आत वळवायची, तिच्या पहिल्या पेराच्या बाजूवर पिक ठेवायचं, वरून अंगठ्याचा मऊ भाग. बाहेर टोक दिसलं पाहिजे चार-पाच मिलिमीटर, बस. सगळ्यांचं सुरुवातीला दीड सेंटिमीटर बाहेर असतं, मग ते तारेत अडकून फिरतं. घट्ट धरलं तरी फिरतं, कारण आवळलेली मूठ घामेजते. या हवेत तर जास्तच. पिकला मधोमध कागदाला भोक पाडायच्या पंचने एक भोक पाडलं की अंगठ्याची कातडी त्यात बसते आणि ते सरकत नाही. चिकटपट्टीचा तुकडा लावला तरी चालतो.

पिक गिटारच्या पोटात पडलं (पडतंच): गिटार हलवून ते भोकाच्या बरोबर खाली आणायचं, मग एका झटक्यात गिटार पालथी. उभ्याने झटकत बसलात तर दिवस जाईल.

हात: कोपराच्या थोडं पुढचा भाग गिटारच्या वरच्या कडेवर टेकतो. तिथून पुढे सगळं मोकळं. हालचाल कोपरातून थोडी, आणि पालथा हात उलथा करतो तशी मनगटाची फिरकी जास्त, ओल्या हाताचं पाणी झटकल्यासारखी. खांदा हलला की चुकलं. ठोका भोकाच्या मागच्या कडेवर, ब्रिजच्या बाजूला. ब्रिजजवळ गेलं की आवाज पत्र्यासारखा.

आज कॉर्ड नाही. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवून सूर बंद, उजव्याने छक-छक. मेट्रोनोम (ठरल्या लयीत टिक-टिक करणारं यंत्र) मिनिटाला ६० टिकांवर. टिकेला डाउन (हात वरून खाली), दोन टिकांच्या मधोमध अप (खालून वर). तोंडाने मोठ्यांदा ‘एक-नि-दोन-नि-तीन-नि-चार-नि’. आकड्याला डाउन, ‘नि’ला अप, आणि हा नियम कधीच मोडायचा नाही. तोंड बंद ठेवणाऱ्यांचा हात आधी बिघडतो.

रविवार, २२ जून

सगळ्या प्रकल्पातली महत्त्वाची नोंद हीच. ठेका म्हणजे वाजवलेल्या ठोक्यांची यादी नव्हे. हात घड्याळाच्या लंबकासारखा अखंड वर-खाली चालू राहतो, काही फेऱ्यांत तारांना लागतो, काही फेऱ्यांत तारांच्या वरून हवेत जातो. नवशिक्या मात्र पॅटर्न ‘डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप’ असा मजकुरासारखा पाठ करतो. जिथे ठोका नाही तिथे त्याचा हात थांबतो, आणि थांबलेला हात परत नेमक्या वेळी कधीच निघत नाही.

हे समजावायला भजनी मंडळाच्या तबलावाल्या काकांना बोलावलं होतं. ‘काका, जरा केरवा धरा ना, एकदम सावकाश.’ काकांनी धरला, आणि वर्गाने हातावर मात्रा मोजल्या: पहिलीला टाळी, पाचवीला हात हवेत बाजूला. भजनाला बसणाऱ्या घरातल्या पोरांना हे शिकवावं लागलं नाही. हवेत जाणारा हातही मात्रा मोजतोच, हे त्यांना ठाऊक होतं. मग फळ्यावर तीन ओळी:

मात्रा: १ २ ३ ४ ५ ६ ७ ८
बोल: धा गे ना ति न क धि न
हात: ↓ · ↓ ↑ · ↑ ↓ ↑

टिंबाला हात फिरतो पण तारांना लागत नाही. दुसरीला अप हवेत, पाचवीला डाउन हवेत. जगभर नवशिक्यांना पहिला शिकवतात तो हाच पॅटर्न, पण आपल्याकडे त्यात एक सोय आहे: यातला अवघड हवेतला डाउन नेमका केरव्याच्या ‘खाली’वर, म्हणजे टाळीऐवजी हात हवेत दाखवतात त्या पाचव्या मात्रेवर येतो. तिथे तबल्यातही बायाँ (डाव्या हाताचा डग्गा) घुमत नाही. म्हणजे गिटारचा जाड तारांचा आवाज तिथे नसणं हे ठेक्याला धरूनच आहे. ‘पॅटर्नमध्ये एक गाळलेला ठोका आहे’ असं सांगितलं की पोरं घाबरतात. ‘पाचवीला खाली दाखवा’ म्हटलं की हात आपसूक जातो.

क्रम असा ठेवला. आधी पिक न धरता मांडीवर हात. मग मुक्या तारांवर आठही ठोके. मग दुसरा काढायचा. तो पक्का झाला की पाचवा काढायचा. दोन्ही एकदम काढू नयेत, कुठला चुकला तेच कळत नाही.

सर्वांत जास्त दिसलेली चूक: पाचवीनंतरचा सहावीचा अप लवकर येतो. कारण साधं आहे. हवेत तारांचा अडथळा नसतो, म्हणून हात अर्ध्या वाटेतूनच वळतो. वाट लहान झाली की वेळही लहान. उपाय: पाचवीला हात पहिल्या तारेच्या पुरता खाली, नेहमीच्या ठोक्याइतकाच गेला पाहिजे. शेजाऱ्याने बघायचं, वाजवणाऱ्याला स्वतःला हे दिसत नाही.

रविवार, २९ जून

पहिली कॉर्ड, ई मायनर. पाचवी आणि चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर, बाकी उघड्या. सहाही तारा वाजल्या तरी चालतात, म्हणून आरंभाला हीच बरी. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी चिकटून, दोन पट्ट्यांच्या मधोमध नाही. मधे दाबलं की तार झणझणते आणि मग माणूस आणखी जोर लावतो.

अप स्ट्रोकने आज वेळ खाल्ला. सहाही तारा अपमध्ये वाजवायचा अट्टहास हे मूळ. अपला दोन-तीन पातळ तारा लागल्या की पुरे, पिक त्यानंतर बाहेर निघून जातं. पिक तारांना काटकोनात धरलं तर ते अडकतं. डाउनला टोक किंचित वर कललेलं, अपला किंचित खाली, म्हणजे टोक हालचालीच्या मागे ओढलं जातं. तीसेक अंशांचा कल पुरे.

दुसरं: डाउनमध्ये तारा एकेक ऐकू येतात, ‘ट्रंग’ ऐवजी ‘ट-र-रं-ग’. पिकचा तारांमधून जायचा वेग कमी पडतो. लय सावकाश असली तरी तारा ओलांडायचा झपका जलदच हवा. सावकाश असतो तो ठोक्यांमधला हवेतला प्रवास. हे दोन वेग वेगळे आहेत, हे बोलून कळत नाही, करून दाखवावं लागतं.

बुधवार, २ जुलै

पावसाळ्याची सूचना सर्वांना पाठवली. हवेत दमटपणा ८०-९० टक्के. लाकडाला ४५ ते ५५ मानवतं. लाकूड फुगतं, ब्रिजमागचा भाग वर येतो, तारा फ्रेटपासून लांब जातात. खोलीत पर्याय नसेल तर गिटार बॅगेत, बॅगेत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. दाणे रंग बदलणारे असतील तर तव्यावर मंद आचेवर परत कोरडे होतात, पण तो तवा पुन्हा पोळीला वापरायचा नाही. वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसायची. खालून कुणी पुसत नाही, गंज तिथूनच धरतो. डब्यात दारापाशी उभं राहणाऱ्यांनी गिटार पाठीवर न ठेवता पुढे घ्यावी. पाठीवरच्या बॅगेतलं हेडस्टॉक डोक्याच्या वर येतं आणि चढता-उतरताना दाराच्या चौकटीला लागतं.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी. मंडळाची माणसं भजनाला. वर्ग नाही. घरचा अभ्यास: केरवा, फक्त ई मायनरवर, मेट्रोनोम ६०, दिवसाला दहा मिनिटं. तासभर एकदम नको.

रविवार, १३ जुलै

कॉर्ड बदल. इथेच बहुतेक वर्ग मोडतात, आणि इथेच उजव्या हाताची खरी परीक्षा.

बोटांची अशी मांडणी निवडली की शक्य तितकी बोटं जागची हलणार नाहीत:

जी: मधलं बोट सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, तर्जनी पाचवीच्या दुसऱ्यावर, अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्यावर, करंगळी पहिलीच्या तिसऱ्यावर.

सी अ‍ॅड नाइन (साध्या सी ऐवजी): अनामिका-करंगळी तिथेच. मधलं बोट आणि तर्जनी दोन्ही एकेक तार खाली सरकतात, पाचवीच्या तिसऱ्यावर आणि चौथीच्या दुसऱ्यावर. सहावी वाजवायची नाही.

ई मायनर सेव्हन: अनामिका-करंगळी तिथेच, तर्जनी पाचवीच्या आणि मधलं बोट चौथीच्या दुसऱ्यावर.

डी: अनामिका तिथेच. तर्जनी तिसरीच्या, मधलं बोट पहिलीच्या दुसऱ्यावर. चौथीपासून खालच्या चार तारा फक्त.

अनामिका चारही कॉर्डमध्ये दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून उठत नाही. ती खुंटी. ‘साधी सी का नाही’ असं दोघांनी विचारलं. साधी सी येईलच, पण पहिल्या कार्यक्रमाच्या आधी तीन बोटं उचलून तीन ठिकाणी टाकायचा व्यायाम ठेक्याच्या मुळावर येतो.

चूक ठरलेली: कॉर्ड बदलताना उजवा हात डाव्याची वाट बघतो. उलट असलं पाहिजे. उजवा थांबत नाही, डाव्याला पोचायचं तर पोचेल, नाहीतर एक ठोका मुका किंवा बेसूर जाईल. जाऊ द्यायचा. यासाठी एक कडक खेळ घेतला: मेट्रोनोम ६०, जी चं एक आवर्तन (ठेक्याची एक पूर्ण फेरी), डी चं एक. डाव्या हाताने कितीही गोंधळ केला तरी चालेल, उजवा थांबला तो बाद. पहिल्या फेरीत जवळपास सगळे बाद. थोड्या वेळाने कॉर्ड अजूनही खराब होत्या पण ठेका सलग ऐकू येत होता, आणि दारात उभ्या असलेल्या काकांची मान हलायला लागली.

आठव्या मात्रेची सवलत: शेवटचा अप उघड्या तारांवर वाजला तरी चालतो. ई, बी, जी या उघड्या तारा या कॉर्डांमध्ये खुपत नाहीत. म्हणजे डावा हात सातवीनंतर उचलायचा, आठवीला तो हवेत, पहिलीला नव्या कॉर्डवर. ही चोरी नाही, अनुभवी वादकही असंच करतात. नीट ऐकलंत तर शेवटच्या अपला तो उघडा सूर सापडतो.

बोटं ठेवायचा क्रमही ठरवून दिला. पहिली मात्रा जाड तारेची, म्हणून जाड तारेवरचं बोट आधी बसलं पाहिजे. नवशिका पातळ तारेपासून बसवत येतो, त्यामुळे ‘धा’ पोकळ जातो.

रविवार, २० जुलै

लय. ६० वर सलग आठ आवर्तनं न अडखळता झाली की ४ ने वाढवायची. अडखळलं की १० ने उतरायचं, ४ ने नाही. थोडंसंच उतरलं तर हाताला चुकीची सवय तशीच राहते. कार्यक्रमाची लय ८४ च्या आसपास असेल.

मेट्रोनोम ब्लूटूथ स्पीकरवर लावला होता आणि फोनची चमकती स्क्रीन समोर ठेवली होती. दोन गट पडले. ब्लूटूथचा आवाज थोडा उशिरा येतो. स्क्रीनकडे बघणारे आधी, कानाने चालणारे नंतर. स्क्रीन पालथी घातली, भांडण मिटलं.

सगळे पुढे धावतात, मागे कुणी पडत नाही. धावणं होतं सहा-सात-आठला, अप-डाउन-अपच्या सलग तुकड्यात. यावर मेट्रोनोमपेक्षा काकांचा तबला जास्त कामाला आला. मेट्रोनोमची टिक सगळीकडे सारखी, चुकलं तरी ती काही बोलत नाही. तबल्याचा सातवा ‘धि’ घुमतो आणि आठव्या ‘न’ नंतर समेची, म्हणजे पुढच्या पहिल्या मात्रेची जागा कान आधीच धरतो. पुढे गेलेला वादक समेवर एकटा पडतो आणि त्याचं त्यालाच कळतं.

जोर कुठे: पहिलीला आणि सातवीला. तिसरी हलकी. सगळे ठोके एका ताकदीने पडले की ठेका ओळखू येत नाही, नुसता खडखडाट. डाउनमध्येही सगळ्या तारा मारायच्या नाहीत: पहिलीला जाड तीन-चार, तिसरीला मधल्या-पातळ. निशाणा धरायचा नाही, हात किंचित आधी किंवा उशिरा तारांत शिरला की आपोआप होतं.

रविवार, २७ जुलै

दादरा. सहा मात्रा, धा धी ना धा ती ना, सम पहिलीला, खाली चौथीला.

सावकाश लयीत: पहिलीला फक्त जाड तार (डी साठी चौथी, ए साठी पाचवी, जी साठी सहावी), दुसरी-तिसरीला डाउन, चौथीला पुन्हा जाड तार पण हलकी, पाचवी-सहावीला डाउन. सगळे डाउन, मधला हात मुकाट वर येतो.

मात्रा मिनिटाला १८० च्या पुढे गेल्या की सगळे डाउन जमत नाहीत, हात आखडतो. मग:

मात्रा: १ २ ३ ४ ५ ६
हात: ↓ · ↓ ↑ ↓ ↑

सहा हा सम आकडा असल्याने पुढच्या आवर्तनाची सम परत डाउनवर येते. चौथी अपवर पडते, पातळ तारांवर, म्हणजे पुन्हा खाली हलकीच. जोर फक्त समेवर.

केरवा पक्का झालेल्यांना दादरा जास्त जड गेला. सहावीनंतर हात आणखी दोन मात्रा मागतो. ठेका बदलताना दोन मिनिटं गिटार बाजूला ठेवून नुसती टाळी-खाली केली की हे सुटतं. दुसऱ्या गाण्यासाठी डी, जी, ए. डी वरून ए ला जाताना अनामिका दुसऱ्या तारेवरून उचलायची नाही, तिसऱ्या फ्रेटवरून दुसऱ्यावर सरकवायची.

रविवार, ३ ऑगस्ट

पेटीबरोबर पहिली बैठक. गाणाऱ्या ताई म्हणाल्या, ‘केरव्याचं काळी पाचमध्ये, दादऱ्याचं पांढरी चारमध्ये.’ गिटारवाल्यांचे चेहरे कोरे. म्हणून तक्ता लावला.

पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या १ ते ७ म्हणजे सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. काळ्या १ ते ५ म्हणजे सी शार्प, डी शार्प, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प. दोन्ही गाण्यांत गंधार (ग) शुद्ध, म्हणून ‘सा’ला मेजर कॉर्ड, कोमल असता तर मायनर घ्यावी लागली असती. काळी पाच म्हणजे ए शार्प: कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा, मानेवर लावायचा चिमटा) तिसऱ्या फ्रेटवर, जी च्या घरातल्या कॉर्ड. पांढरी चार म्हणजे एफ: कॅपो तिसऱ्यावरच, डी च्या घरातल्या. दोन्ही गाण्यांना कॅपो एकाच जागी, हे नशीब. ताईंनी ऐनवेळी काळी चार सांगितली तर पहिल्या गाण्याचा कॅपो पहिल्या फ्रेटवर, पांढरी सहा सांगितली तर दुसऱ्यावर.

कॅपो फ्रेटच्या पट्टीला लागून, तिच्यावर नाही. लावला की सूर थोडा चढतो, म्हणून लावल्यावर पुन्हा सूर मिळवायचा.

पेटी ४४० हर्ट्झलाच असेल असं धरू नये. आपली थोडी चढी निघाली. पेटीचा सूर बदलता येत नाही, गिटारचा येतो. पेटीवर मधल्या सप्तकाची पांढरी सहा दाबून ट्यूनरचा आधारसूर तिला जुळेपर्यंत सरकवला, तो आकडा फळ्यावर लिहिला, सगळ्यांनी ट्यूनर त्यावर लावले.

रविवार, १० ऑगस्ट

सगळ्या गिटारी एकदम वाजल्या की चिखल होतो. प्रत्येकाचा डाउन काही मिलिसेकंद इकडेतिकडे, आणि सगळ्यांच्या जाड तारा ढोलकीच्या धुमेशी भांडतात. कामं वाटली. पक्क्या दोघांनी पूर्ण पॅटर्न. तिघांनी तोच पॅटर्न पण फक्त पातळ चार तारांवर, डाउनला हात उशिरा शिरवून. लहान मुलांनी केरव्यात फक्त तिसरी आणि सातवी, दादऱ्यात फक्त सम. मुलांना हे कमी वाटलं. पण तिसरी आणि सातवीच तेवढी नेमकी वाजवायची, बाकी हात हवेत फिरता ठेवायचा, हे पूर्ण पॅटर्नपेक्षा अवघड आहे.

नायलॉनवाली गिटार दादऱ्याच्या जाड तारांना दिली. अंगठ्याने. तिचा गोल आवाज तिथे शोभतो.

ढोलकीवाला उठावाला भरणा करतो, लग्गी (जलद, नक्षीदार बोल) लावतो. त्याच्या मागे धावायचं नाही. गिटारने साधा ठेका धरून ठेवायचा. दोघांनी एकदम नक्षी काढली की सम हरवते.

रविवार, १७ ऑगस्ट

कालच्या दहीहंडीमुळे अर्धा वर्ग झोपलेला. आलेल्यांकडून फक्त सुरुवात आणि शेवट. सुरुवात: काका एक आवर्तन रिकामं देणार, त्यात सगळ्यांचे हात मुक्या तारांवर फिरायला लागले पाहिजेत. समेची वाट बघत हात वर रोखून धरायचा नाही. शेवट: तिहाईनंतर (एकच तुकडा तीनदा वाजवून झाल्यावर) समेवर एक डाउन, लगेच उजव्या तळव्याची कड तारांवर. डाव्या बोटांची पकड त्याच क्षणी सैल. एकाची जरी तार वाजत राहिली तरी शेवट सांडतो.

रविवार, २४ ऑगस्ट

मंडपात तालीम. माइक दोनच. माइक भोकासमोर लावला की घूं-घूं करतो. बाराव्या फ्रेटसमोर, वीसेक सेंटिमीटरवर, थोडा तिरका. तिथे ठोक्याची कड स्पष्ट येते. माइकसमोर पक्के दोघे, बाकी मागे अर्धगोलात, काकांचा उजवा हात सगळ्यांना दिसेल असे. पिकअप (आवाज स्पीकरला पोचवणारा आतला भाग) असलेल्या एका गिटारीची ९ व्होल्टची बॅटरी नवी घालायची. जॅक खोचलेला राहिला की बॅटरी वाजवत नसतानाही उतरते.

नव्या तारा आजच चढवायच्या, आदल्या दिवशी नाही. नवी तार पहिले दोन-तीन दिवस ताणत राहते. खुंटीवर जाड तारांचे दोन आणि पातळांचे तीन-चार वेढे, एकावर एक न चढवता खाली खाली. पिळताना नटमध्ये ‘टिक’ आवाज आला तर तार खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलचं शिसं घासायचं.

शनिवार, ३० ऑगस्ट

दोन्ही गाणी झाली. दहाच्या आत लाउडस्पीकर बंद करायचा असल्याने दादऱ्याचं गाणं आधी घेतलं. केरव्याच्या गाण्याची लय ताईंनी ठरल्यापेक्षा चढी धरली, ८४ ऐवजी ९२ च्या आसपास. पक्के दोघे आणि मुलं टिकली, मधल्या तिघांपैकी एकाने पूर्ण पॅटर्न सोडून नुसत्या पहिल्या-तिसऱ्या-सातव्या मात्रा धरल्या आणि दुसऱ्या कडव्यात परत आला. हे शिकवलेलं होतं, वेळेवर सुचलं ते महत्त्वाचं. मंडपातल्या पंख्याखाली गिटारी तासभर उघड्या राहिल्याने सूर सगळ्यांचेच हलले. पुढच्या वेळी रंगमंचावर जायच्या पाच मिनिटं आधी बॅगेतून काढायच्या आणि कॅपो लावूनच सूर तपासायचा.

रविवार, ७ सप्टेंबर

कालच विसर्जन, तरी बैठक झाली. पुढच्या टप्प्यात: साधी सी आणि ए मायनर, मग एफ ची छोटी चार तारांची आवृत्ती. तिसऱ्या-सातव्या मात्रेला तळव्याने तारांवर ‘छक’. रूपक, सात मात्रा: विषम आकड्यामुळे एका आवर्तनाची सुरुवात डाउनवर तर पुढच्याची अपवर येईल, त्यामुळे हाताचा नियम नव्याने बसवावा लागेल, आधी सावकाश, सगळे डाउन. डावखुऱ्या मुलीचा उजवा हात वर्गात सगळ्यात स्थिर आहे, तिची गिटार बदलायची गरज नाही. खुर्च्या बिनहाताच्याच हव्यात, मंडपाचं सामान आवरायच्या आधी सहा बाजूला काढून ठेवाव्यात.